पुलांच्या तपासनिसाचे पान

निवृत्त मुद्रितशोधकाला दोन टोपणनावे होती. घरात थोरली बहीण त्याला 'पंतोजी' म्हणे. आणि इंटरनेटवरच्या ज्या ज्ञानकोशात तो गेली नऊ वर्षे बिनपगारी संपादन करीत होता, तिथे तो 'काटेकोर' होता. हे दुसरे नाव ताईला ठाऊक नव्हते. संपादकाने आपली ओळख चारचौघांत उघडी करू नये, असे त्याचे मत होते. आणि त्याचे मत एकदा बसले की ते हलवायला पहार लागे.

ताईचा नवरा पुलांचा तपासनीस. लोखंडी तुळईवर हातोडी ठोकून, नुसत्या आवाजावरून तिच्यातली भेग ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चौदा वर्षांपूर्वी तो एका पुलाच्या तपासणीला गेला. हातोडी आणि वही कठड्याशी सापडली. माणूस सापडला नाही. वर्तमानपत्रांनी आठवडाभर मथळे दिले आणि हात झटकले. यंदा ताईने संगणकाचा वर्ग लावून ज्ञानकोशात त्याचे पान लिहिले आणि कोपऱ्यात त्याचा फोटो लावला. पंधरा दिवसांत पानाच्या माथ्यावर तांबडी पट्टी आली : 'ही व्यक्ती उल्लेखनीय आहे काय? पान ठेवावे की काढावे, यावर सात दिवस चर्चा होईल.'

अशा प्रत्येक चर्चेत काटेकोर बोलत असे. नाते असेल तर ते जाहीर करावे किंवा गप्प बसावे, हा नियम त्याला पाठ होता. पण नाते जाहीर करायचे तर ओळख उघडी पडणार. आणि गप्प बसावे, तर 'काटेकोर कुठे आहेत?' असे पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलेही होते. तेव्हा त्याने स्वतःशीच वाद घातला. आपल्या माणसाच्या बाजूने बोलणे हा पक्षपात. मग त्याच्या विरुद्ध बोलण्यात पक्षपात कसला? युक्तिवाद त्याला निर्दोष वाटला, आणि त्याने लिहिले : 'बेपत्ता होणे ही कामगिरी नव्हे. बातम्या या गृहस्थांच्या जाण्याच्या आहेत, कामाच्या नाहीत. पान काढावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई त्याच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"पंतोजी, हा काटेकोर कोण टिकोजीराव आहे रे?"

"असेल कुणी."

"कुणी कसला! बायको सोडून गेलेली दिसते मेल्याला."

"लग्नच झालं नसेल," तो अविवाहित गृहस्थ म्हणाला.

"तेही बरंच झालं, एक बाई वाचली. हे बघ, तुला भाषा येते. मला उत्तर लिहून दे. त्याची बोलती बंद झाली पाहिजे."

निवृत्तीपासून तो तिच्याच घरात राहत होता, तिच्याच हातचे जेवत होता. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तो ग्रंथालयात गेला, जुने अंक उपसले आणि भाऊजींच्या पद्धतीवरचे दोन लेख शोधून आणले. संदर्भ देताना तारीख, पान, रकाना आणि खालून कितवी ओळ, एवढे सारे दिले. ताईने ते आपल्या नावाने चढवले. संध्याकाळी इतरांनी काटेकोरांचे मत विचारले. दोन्ही लेख भाऊजींच्या खात्यानेच छापलेल्या पत्रिकेतले होते. तेव्हा ते तटस्थ पुरावे नव्हेत. हे खरे होते. त्याने ते लिहिले.

चर्चेच्या पाचव्या दिवसापर्यंत असेच चालले. सकाळी बांधायचे, संध्याकाळी पाडायचे. त्यात लबाडी त्याने कुठेच केली नाही, आणि सुटकेची फटही त्यामुळे कुठे उरली नाही.

"आपण काय बोलणार ते त्या मेल्याला आधीच कळतं रे," ताई पाचव्या दिवशी म्हणाली. ताटातला घास तिने तसाच ठेवला होता. "जसा काही दाराशी कान लावून बसलाय."

सहाव्या दिवशी दुपारी ज्ञानकोशाच्या एका प्रशासकाने लिहिले : 'काटेकोर आणि पानाची लेखिका एकाच इंटरनेट जोडणीवरून लिहितात. रकाना आणि खालून कितवी ओळ हे सांगण्याची खोड काटेकोरांखेरीज येथे कुणालाही नाही. एकच माणूस दोन नावांनी भांडतो आहे. ही बाई अस्तित्वातच नाही असे मानून तिचे सर्व म्हणणे उद्या खोडण्यात येईल.'

त्याने ते तीनदा वाचले. गप्प राहावे तर ताई खोडली जाणार. बोलावे तर तिला सारे कळणार. तो खुर्चीतून उठला नाही. शेजारच्या खोलीत ताईची खुर्ची मात्र सरकली.

ती दारात आली. आरडाओरडा नाही, काही नाही.

"मी अस्तित्वात नाही म्हणे," ती म्हणाली. "आणि एकाच जोडणीवरून. या घरात माणसं दोनच आहेत, पंतोजी."

"ताई, मी..."

"लिहून द्यायचास तूच आणि फाडायचासही तूच?"

"लिहिलेलं खोटं नव्हतं. फाडलेलंही खोटं नव्हतं."

"वा! म्हणजे खोटी मीच."

तिच्यादेखत त्याने कबुली लिहिली : ही माझी सख्खी बहीण, बेपत्ता गृहस्थ माझे मेहुणे, नाते लपवले हा दोष माझा. तासाभरात उत्तर आले. ताईचे म्हणणे खोडले जाणार नव्हते. चर्चेची मुदत सात दिवसांनी वाढली. मात्र जवळचे नातेवाईक म्हणून दोघांनाही त्या चर्चेत यापुढे एक अक्षर लिहिता येणार नव्हते.

आता पान अनोळखी माणसांच्या हाती होते, आणि ही दोघे एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर, तोंड शिवल्यासारखी बसली होती. तो उठू लागला.

"बस," ताई म्हणाली. "तुला काय वाटलं, मी त्याचं स्मारक बांधत होते?"

"तसंच वाटलं."

"मला कामगिरी नको होती रे, उल्लेखही नको होता. फोटो तेवढा हवा होता. कुठल्या तरी गावात कुणीतरी पूल शोधायला त्या कोशात शिरेल, फोटो बघेल आणि म्हणेल, अरे, याला मी पाहिलंय. एवढ्यासाठी वर्ग लावला मी."

ज्ञानकोश म्हणजे शोधाच्या जाहिराती लावायची भिंत नव्हे. तसे सांगणारे कलम होते. त्याच्या ओठांवर ते आले आणि त्याने ओठ मिटून घेतले. ताई त्याच्या तोंडाकडेच पाहत होती.

"त्यालाही नियम आहे ना?" तिने विचारले. "कितवा?"

असा नियमच नाही, असे खोटे बोलावे तर आजच, असे त्याला वाटून गेले.

"नववा," तो म्हणाला.