बोरूवरची झोप

शरहान जागा झाला तेव्हा त्याचे पाय भिजले होते, आणि उशाला बोरूची उंच झाडी असायला हवी होती तिथे नुसतं पाणी होतं.

झोपेत आपण फिरलो असणार, असं त्याला आधी वाटलं. त्याने मान वळवून पायांकडे पाहिलं. तिथेही बोरू नव्हता. धुकं इतकं दाट होतं की चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. निवारा मात्र त्याचाच होता. उभा बोरू वाकवून त्याची टोकं त्याने स्वतः एकमेकांत बांधली होती, वर फाटकी चटई टाकली होती आणि खाली कापलेल्या बोरूचा जाडजूड थर अंथरला होता. संध्याकाळी मारलेली बदकं वरच्या काठीला माना खाली घालून लटकत होती. शेकोटीची राख होती, किटली होती, बंदूक होती. नव्हती ती होडी. आणि नव्हता दखील.

दखील त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघं आदल्या दिवशी दुपारी पाणथळीत बदकांच्या शिकारीला निघाले होते. कल्पना शरहानची. त्याचं लहानपण या पाण्यात गेलं होतं. पुढे पाणी आटलं, बोरू जळाला, म्हशी विकल्या गेल्या, आणि तो बायकामुलांना घेऊन अमारा शहरात वीटभट्टीवर राबायला गेला. आता पाणी परत आलं होतं, म्हणून तोही आला होता. एकटाच. त्याची बायको नश्मिया यायला तयार नव्हती. मुलं शाळेत जातात, नळाला पाणी येतं, आता मी पुन्हा डासांत येऊन राहणार नाही, असं तिने तोंडावर सांगितलं होतं.

मुक्कामाची जागा त्यानेच निवडली. वडील शिकारीला आणायचे तेव्हा आम्ही इथेच झोपायचो, असं तो छातीठोकपणे म्हणाला होता. दखीलला ते फारसं पटलं नव्हतं. कडेचं गवत ओढलं की मुळासकट हातात येत होतं, तेव्हा त्याने होडी तिथे न बांधता समोरच्या घट्ट बोरूला बांधली. मग तांदळाची भाकरी आणि भाजलेलं बदक खाताना नश्मियाचा विषय निघाला. बहिणीचंच बरोबर आहे, असं दखील म्हणाला. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी, शरहानला नेहमीसारखं त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारत, तो म्हणून गेला, "खरं सांगू, अबू गानिम? तुमचं घर आता तिकडे. इथे तुम्ही पाहुणे."

शरहानला ते फार लागलं. पाहुण्याशेजारी कशाला झोपतोस, जा, होडीत झोप, असं तो म्हणाला. दखीलला तसंही रानडुकरांचं भय होतंच. तो घोंगडी उचलून होडीत गेला.

म्हणजे हा रागाने मला टाकून गेला, असं शरहानच्या मनात आलं. पण दखील असं करील? तोंडाचा फटकळ होता, माणूस वाईट नव्हता. शिवाय बदकं इथे सोडून कोण जाईल? बरं, तो गेला तर गेला, पण होडी बांधलेला बोरू कुठे गेला? बोरू काय माणसासारखा रागावून निघून जातो?

त्याने हाक मारली. हाक धुक्यात विरून गेली. मग एका बाजूला फिकट उजेड वर आला आणि तो आणखीच गोंधळला. काल निजताना डोकं पूर्वेला होतं, याबद्दल त्याला शंका नव्हती. सूर्य आता पायांकडून उगवत होता. त्याने उठून निवाऱ्याभोवती एक फेरी मारली. पायाखालची जमीन कालच्याइतकीच मऊ आणि कालच्याइतकीच घट्ट होती. तो परत येऊन बिछान्यावर बसला. वीटभट्टीच्या इतक्या वर्षांत आपलं डोकंच बिघडलं की काय, असं त्याला वाटू लागलं. वडिलांची आठवण तरी खरी की तीही आपणच रचली?

तेवढ्यात म्हैस रेकली, अगदी जवळ. काल या बाजूला मैलभर तरी वस्ती नव्हती.

धुक्यातून एक होडी पुढे आली. होडीत हिरव्या चाऱ्याचा ढीग होता आणि मागे एक म्हातारी लांब बांबूने ती ढकलत होती. शरहानला बघून तिने बांबू थांबवला.

"कुणाचा रे तू? इथे कसा आलास?"

"मी आलो नाही," शरहान म्हणाला. "मी झोपलो होतो."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा शुद्धीवर आहे ना, हे ती बघत असावी. शरहानने जागेचं नाव विचारलं. तिने उम्म सुबूर म्हणून सांगितलं. ते तर मोठ्या पाण्याच्या पलीकडे, तो म्हणाला, आम्ही अलीकडे होतो. तिने बांबू त्याच्या जागेला खेटून पाण्यात सोडला. बांबू सरळ खाली गेला, तिच्या मुठीपर्यंत गेला, तरी टेकला नाही. मग तिने तो तिरका करून शरहान बसला होता त्याच्या खाली घातला. तिथेही पाणीच होतं.

"तुहुल आहे हे, लेकरा. तरंगतं बेट. वारा सुटला की निघतं. बांधून ठेवायचं असतं, तुझ्या बापाने सांगितलं नाही?"

शरहानला काही आठवेना. वडील निजण्याआधी चिखलात एक मेख ठोकायचे खरे, पण ती होडीसाठी, असंच तो आजवर समजत होता. कदाचित होडीसाठीच असेल. आता विचारायला कोण होतं?

मग तो ताडकन उठला. बेट हललं असेल तर दखील कुठेच गेलेला नव्हता. तो होता तिथेच होता.

त्याने बंदूक आणि घोंगडी तेवढी घेतली आणि म्हातारीच्या होडीत उतरला. ज्या बाजूने वारा येत होता तिकडे ती होडी ढकलू लागली. शरहान हाका मारत राहिला. धुकं विरळ होत गेलं तसा आधी पाण्याचा खळखळाट ऐकू आला, मग कुणाच्या तरी धापा.

दखील छातीभर पाण्यात उभा होता. बोरूला बांधलेली होडी त्याच्या मागे हलत होती. तो डोकं खाली घालून पाण्यात बुडी मारायचा, तळाचा चिखल हातांनी चाचपायचा, वर येऊन श्वास घ्यायचा आणि पुन्हा बुडायचा. त्याचे ओठ निळे पडले होते. पहाटे तो जागा झाला तेव्हा समोर ना बेट होतं, ना निवारा. शरहानला घेऊन सगळंच तळाला गेलं, अशी त्याची समजूत झाली होती.

वर येताच त्याला शरहान दिसला. तो जागच्या जागी थिजला आणि अल्लाचं नाव पुटपुटू लागला.

"मीच आहे," शरहान म्हणाला.

"कुठे गेला होतात?" दखीलने विचारलं. आवाज रागाचा होता, पण तो रडत होता.

"कुठेच नाही रे. मी जागचा हललो नाही."

दखीलला ते समजलं नाही. शरहानने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचं त्यालाही नीट समजेना. मग त्याने पाण्यात उडी घेतली, दखीलला काखांत हात घालून होडीत चढवलं आणि घोंगडीत गुंडाळलं. म्हातारी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. चुलीजवळ बसवून तिने गरम दूध दिलं. दखीलचे दात वाटीच्या काठावर कितीतरी वेळ वाजत होते.

ऊन चांगलं वर आल्यावर दोघं बदकं आणि किटली आणायला निघाले. धुकं गेलं होतं, पाणी लख्ख दिसत होतं, आणि त्या पाण्यावर एकसारखी दिसणारी कितीतरी बेटं होती. एकावर वाकवलेल्या बोरूचा निवारा सापडला. हाच तो, असं शरहान म्हणाला. दखील म्हणाला, गाठी आपल्यासारख्या नाहीत. आत बदकं नव्हती, किटलीही नव्हती. शेकोटीची राख होती, पण ती कुणाचीही असू शकत होती. दबलेल्या बोरूवर माणूस झोपल्याची खूण होती. शरहान त्यावर आडवा होऊन बघू लागला.

"खूण पटतेय का?" दखीलने होडीतूनच विचारलं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

त्यांनी आणखी दोन बेटं पाहिली आणि नाद सोडला. परत येताना होडी शरहान चालवत होता. दखील म्हणाला, काल मी बोललो ते बोलायला नको होतं. शरहान म्हणाला, बोललास ते राहू दे, ते खरं की खोटं हे मला आज ठरवता येत नाही.

"नश्मियाला काय सांगणार?"

"निजलो एकीकडे, उठलो दुसरीकडे."

"ती काय म्हणेल?"

शरहानने बांबू पाण्यात रोवला. लग्नात एकदा आणि पाणी आटल्यावर एकदा असं तिचं घर दोनदा हललं होतं आणि त्यातल्या एकाही वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं, हे त्याच्या मनात आलं. यात तिला काही नवल वाटणार नाही, असं तो म्हणाला. दखीलला हसू आलं, आणि हसता हसता त्याचे दात पुन्हा वाजू लागले, तेव्हा शरहानने बांबू त्याच्या हातात दिला. जरा हात चालव, अंग गरम होईल, म्हणाला, आणि घर कुठल्या बाजूला आलं ते तूच सांग.