एर्मांगार्दबाईंच्या पायांशी

मित्रांनो, मी एक जुना दगडी कुत्रा आहे. पेर्शच्या टेकड्यांमधल्या एका लहानशा चर्चमध्ये एर्मांगार्दबाईंचं थडगं आहे. त्यावर त्यांची दगडी मूर्ती हात जोडून निजली आहे आणि मी तिच्या पायांशी बसलो आहे.

बाई या मुलखाच्या सरदारीण. त्या वारल्या तेव्हा त्यांचा खराखुरा कुत्रा इथून हलेना. मूर्तिकाराने त्यालाच समोर ठेवून मला घडवलं. तो बिचारा अन्नाला शिवत नव्हता. माझे डोळे सगळ्यांत शेवटी कोरले गेले. दुसऱ्या डोळ्यावर छिन्नीचा अखेरचा घाव पडला आणि त्या कुत्र्याने मान टाकली. त्याच क्षणी मला दिसू लागलं आणि त्याच्या आठवणी माझ्या झाल्या. असं का झालं, ते मला आजही उमगलेलं नाही.

पुढे माझे चांगले दिवस होते. लोक बाईंपुढे मेणबत्त्या लावत. पोरं माझ्या पाठीवरून हात फिरवत. पाठ अगदी गुळगुळीत झाली. पण बाईंच्या घराण्याला उतरती कळा लागली. गढी पडली, जमिनी गेल्या. शेवटी उरली गियमेत नावाची एक अनाथ मुलगी. समुद्रापार कॅनडात वसायला गेलेल्या पुरुषांसाठी राजा तेव्हा नवऱ्या पाठवत होता. तिची मावशी तिला निरोपाला इथे घेऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “तिकडे कुळाचं नाव काढू नकोस, बाळे. मोठ्या घरची म्हटलं की चुलीपाशी कुणी बसू देणार नाही, आणि हसतील ते वेगळंच.”

गियमेतने मान हलवली. मला थोपटलं आणि ती गेली.

मग शंभराहून जास्त वर्षांनी क्रांती झाली. तेव्हाच्या राजाचंच डोकं उडालं, त्या वर्षी गावातली माणसं हातोडे घेऊन चर्चमध्ये शिरली. त्यांनी बाईंचा चेहरा फोडून टाकला. एकाने माझ्यावर हातोडा उगारला, नेम धरायला डावा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. “हा गरम आहे,” एवढंच तो म्हणाला. कुणी मला हात लावला नाही. त्यानंतर प्रेमानेही फारसा कुणी लावला नाही. छत गळू लागलं, माझ्या कानांवर शेवाळ चढलं. अलीकडच्या काळात चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या सोलांजबाई तेवढ्या झाडलोट करायला येत.

गेल्या वर्षी सफरचंदं उतरवायच्या दिवसांत कॅनडाहून दोघं भावंडं आली. फ्लोरांसताई निवृत्त शिक्षिका होत्या आणि धाकटा रोसेर रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. ताईंनी आईच्या आईची आई असं मागे मागे जात कितीतरी वर्षं आपलं मूळ शोधलं होतं. शोध गियमेतपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. कारण लग्नाच्या वेळी तिने पाद्र्याला बापाचं नावच सांगितलं नव्हतं, फक्त पेर्शची आहे एवढंच सांगितलं होतं. आणि गियमेत नावाच्या मुली काय, गावोगाव होत्या. तरी ती याच घराण्यातली असावी असा ताईंचा अंदाज होता. त्यांना वाटलं होतं, थडग्यावरचा चेहरा पाहिला की आपल्या आईचं नाक तरी ओळखू येईल. इथे तर चेहराच नव्हता.

सोलांजबाई म्हणाल्या, “दर उन्हाळ्यात तुमच्याकडून एक तरी राणीची पणती येते. मी काही म्हणत नाही. वर्गणीची पेटी दाराशी आहे.”

“ऐकलंस ना, ताई?” रोसेर हसला. “आजोबा जन्मभर बटाटे काढत होते आणि तू मला सरदार करायला निघालीस. चल, भूक लागलीय.”

ताईंचे डोळे भरून आले. ते पाहून तो ओशाळला. त्याने माझ्याकडे बघून सहज शीळ घातली. एक लांब सूर, मग दोन तुटक, खाली उतरणारे.

मित्रांनो, ती शीळ एर्मांगार्दबाईंची होती. माझ्या आधीच्या त्या जिवंत कुत्र्याला त्या अशीच हाक मारत.

चर्चमध्ये फरशीवर नखं घासल्याचा आवाज झाला. सोलांजबाईंनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

“ही शीळ कुठली?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

“आईची,” रोसेर म्हणाला. “तिला तिच्या आईने शिकवली. आमच्याकडे कुत्र्याला अशीच हाक मारतात.” मग तो हळूच म्हणाला, “ताई, बाहेर चल.”

ती दोघं गेली. पुरावा ताईंच्या हाती लागलाच नाही. मला त्यांच्याशी बोलता येत असतं तर मी तो दिला असता. सोलांजबाई एकट्याच माझ्याजवळ वाकल्या आणि खूप वेळ बघत राहिल्या. माझा पुढचा उजवा पंजा दगडापासून बोटभर वर उचललेला आहे. आदल्या दिवसापर्यंत तो तसा नव्हता. ती फट दिसू नये म्हणून त्या आता त्याखाली फडकं घालून ठेवतात आणि कुणाला काही सांगत नाहीत.

मित्रांनो, आपल्या घरातली जुनी माणसं आहेत तोवर त्यांची नावगावं विचारून घ्या, त्यांची शीळसुद्धा शिकून घ्या. आणि एक विनंती आहे. इथे आलात तर गप्प राहा. हाक मारलीतच, तर मी उठेपर्यंत थांबा.