दगडाचा पदर

मुकुटबनच्या बाहेर चुनखडीच्या टेकडीत एक भुयार आहे. त्यात छतापासून खालपर्यंत दगडाचा पांढरा पदर लोंबतो, असं रुपीबाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासून सांगायची आणि गाव तेव्हापासून हसायचं. आता तिचे गुडघे गेले होते. पुरावा आणायचा तर तो सुनेनंच.

सून प्रभावती गावात फोटो स्टुडिओ चालवायची. साल २००६. कापसाला भाव नव्हता, लग्नं घरातल्या घरात उरकत होती; तिला सवड होती. ती भुयारात उतरली, अख्खा रोल मारला. फोटो धुऊन आले ते नुसते पांढरे.

पानठेल्यावर, हसणाऱ्यांत कायम पुढे असलेल्या भगवानरावांनी ते उलटेपालटे करून पाहिले. "रुपीबाई, हे तं दुधाचं पातेलं हाय. पदर कुठी गेला?"

"तुमच्या डोयावर पडला," रुपीबाई म्हणाली. पण घरी येऊन ती जेवली नाही.

ते प्रभावतीला लागलं. दुसऱ्या दिवशी ती एका लग्नाचा अल्बम लावत होती. नवरी बौद्ध, पांढऱ्या साडीत. अशा नवरीवर समोरून फ्लॅश मारला की पांढऱ्यात पांढरं बुडतं, साडीची एक चुणी दिसत नाही. म्हणून ती नेहमी उजेड मागून द्यायची. तिचा हात थांबला. भुयारात मात्र तिनं समोरूनच मारला होता, तोही स्वतःच्या श्वासाच्या वाफेतून.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली.

"आता कायले?" संघर्षनं विचारलं.

"नवरीचा फोटो काढाले."

भुयारात संघर्ष फ्लॅश घेऊन पदरामागच्या फटीत सरकला. तिनं कॅमेरा तिपाईवर ठेवला, टॉर्च विझवली, शटर उघडं धरलं.

"श्वास रोखा अन् मारा."

"आधी सांग, मांगं साप तं नाई ना?"

"असला तं त्याले बी रोखाले सांगा."

फ्लॅश उडाला आणि दगड आतून पेटला. मधाच्या रंगाचे पट्टे, काठ, एकेक चुणी.

मोठा फोटो स्टुडिओच्या काचेत लागला, तशी सकाळपासून माणसं जमली. भगवानराव बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते.

"हे आपल्याच टेकडीतलं हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

रुपीबाईनं खुर्ची मागवून काचेशेजारी मांडली होती. "सरका भगवानराव," ती म्हणाली, "मांगच्याइले बी पाहू द्या."