गाळ आणि तुरटी यांच्यामधला पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, मित्रांनो! पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात, गाळाच्या टाकीशेजारी एका चौकटीत मी वर्षानुवर्षं ताणून बसवलेला होतो. आता आवारात, गंजक्या नळांच्या ढिगावर पडून आहे.

नदीचं गढूळ पाणी तुरटीने निवळतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माती खाली बसते, पण तिच्याबरोबर तुरटीही गाळात जाते. पूर्वी तो गाळ तसाच फेकून देत. मग त्यात आम्ल ओतून तुरटी सोडवायची युक्ती निघाली. मात्र आम्लात नदीतली कुजकी घाणही विरघळते. तुरटी पलीकडे जाऊ द्यायची आणि घाण अडवायची, हे माझं काम. सोडवलेली तुरटी पुन्हा पाणी निवळायला वापरत. लांबलांबून माणसं मला बघायला येत, तेव्हा माझा ऊर भरून येई.

माझी देखभाल पंप चालवणाऱ्या दादाकडे होती. त्याची थोरली बहीण, ताई, शेजारच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. दोघं एकाच डब्यात जेवत आणि शेवटच्या घासावरून भांडत.

आम्लाने मी विरत गेलो. एके दिवशी खालच्या कोपऱ्यात टरकन फाटलो. घाण माझ्या अंगातून पलीकडे जाऊ लागली. मला ती थोपवता येईना. पाणी मात्र दिसायला काचेसारखं नितळ!

तपासणीत ताईच्या ते लक्षात आलं. ती तडक केंद्राच्या साहेबांकडे गेली.

"साहेब, ही घाण पुढे पाण्यात घालतात त्या क्लोरीनशी मिळून विषारी होते. गाळातली तुरटी बंद करा, गोदामातली नवी वापरा."

"नवा पडदा मागवलाय. तोवर घ्या चालवून. उगाच लोकांना घाबरवू नका."

तिने ऐकलं नाही. दादाला मदतीला घेऊन तिने मला चौकटीतून सोडवलं. "पडदाच नाही म्हटल्यावर बंदच ठेवावं लागेल," ती म्हणाली. मलाही हायसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी ताईची बदली झाली. साहेब रिकाम्या चौकटीपाशी दादाजवळ आले.

"गाळातल्या तुरटीचा पंप सुरू कर."

"अहो, पण साहेब, पडदा..."

"तुलाही बदली हवीय का?"

दादाने बटण दाबलं.

तेव्हापासून मध्ये अडवणारं कुणीच नाही. दादा माझ्याजवळून जाताना मान खाली घालतो. परवा त्याची धाकटी लेक आवारातल्या नळाला ओंजळ लावून पाणी पीत होती. तो तिला अडवायला धावला आणि मध्येच थांबला. घरच्या नळालाही हेच पाणी येतं.

मित्रांनो, माझी कीव करू नका. पण पाणी नितळ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते कशातून गाळून आलं, तो पडदा धड आहे का, हे विचारा. कुणी डोळे वटारले तरी विचारा. आणि लवकर विचारा. मी इथे पडल्या पडल्या ऐकतो आहे, पंप अजून चालूच आहे.