खंडेनवमीचं पाणी

कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं आणि दीपक तीन पावलं मागे सरकला. कापताना लोखंड गार राहावं म्हणून जे दुधासारखं पाणी सोडतात, त्याचा अडीच वर्षांत काळा लगदा झाला होता. वर तेलाची जाड साय, आणि वास असा की पोटातलं वर यावं.

"महेशला हजारदा सांगितलं होतं, टाकी रिकामी कर म्हणून!" तो ओरडला. महेश त्याचा धाकटा भाऊ. तो नाशिक रोडला आपल्या नोकरीवर सुखात होता, त्यामुळे बोलणी खायला गाळ्यात दोघंच हजर होती: दीपकची बायको संध्या आणि वणीकडचे म्हातारे फिटर पुंजामामा.

अंबडच्या या गाळ्यात दीपकचं एकुलतं एक सीएनसी लेथ मशीन होतं. पाठीचं ऑपरेशन झालं, शटर खाली आलं आणि पुढे तो दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून पाट्या टाकू लागला. आता जुन्या गिऱ्हाइकाच्या कंपनीतल्या हर्षाली मॅडमनी फोन केला होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत एक बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, काढून दाखवा, माप वीस मायक्रॉनच्या आत आलं तर सोमवारपासून काम तुमचं, नाहीतर मी दुसरीकडे देणार. हे काम गेलं तर आपण जन्मभर दुसऱ्याच्याच मशीनपुढे उभं राहणार, हे दीपकला पक्कं ठाऊक होतं.

गुरुवार लगदा उपसण्यात गेला. शुक्रवारी गंज. डिझेल लावा, घासा, पुसा, की पुन्हा डिझेल. हाताची सालं निघाली तशी दीपकच्या जिभेला धार आली. छताच्या गळक्या पत्र्याचा उद्धार झाला, शेजारच्या गाळेवाल्याचा झाला, उंदरांच्या तर सात पिढ्यांचा झाला.

"मी तर खंडेनवमीलाच म्हणत होते..." संध्याने तोंड उघडलं.

"तू गप्प बस. तुला लोखंडातलं काय कळतं?"

ती घासत राहिली. खरं तर नवऱ्यापेक्षा तिचाच हात जास्त चालत होता.

शनिवारी वेगळंच झेंगट. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे मशीनची सगळी स्मृती पुसली गेलेली. नशीब, आकड्यांचा कागद पॅनेलच्या दाराला चिकटवलेला होता. एकेक आकडा भरता भरता दुपार झाली. मग मशीन गुरगुरलं, लोखंड पकडून फिरवणारा चक फिरला, आणि दीपकने चक्क हात जोडले.

पहिला बुश चकच्या बाजूला साठ मायक्रॉन जाड निघाला. दुसरा पंचावन्न. तिसरा बासष्ट.

"मामा, लेव्हल नीट लावली नाहीत तुम्ही!"

"लेव्हल तीनदा बघितली म्या," पुंजामामा शांतपणे म्हणाले. "तू लय वरडू नको. खालचं कव्हर काढू."

घासून घासून कव्हरमध्ये आरशासारखं तोंड दिसत होतं, ते काढायची काय गरज, असं दीपक पुटपुटत राहिला. मामांनी ऐकलं नाही. कव्हर निघालं. ज्या पट्टीवरून मशीनचं हत्यार पुढेमागे सरकतं, ती सगळी पट्टी तेलकट, शाबूत होती. फक्त चकजवळ तळहाताएवढी जागा गंजाने खाल्ली होती, चांगली खोलवर.

"बघा! पत्रा गळला तो इथेच!" दीपक म्हणाला.

मामांनी गंजात रुतलेलं काहीतरी नखाने खरवडून त्याच्यापुढे धरलं. "पत्र्यातनं तांदूळ गळतोय व्हय रं?"

त्या अक्षता होत्या. शेजारी नारळाची शेंडी चिकटलेली.

दीपकने त्या मामांच्या हातातून घेतल्या. गाळा बंद असतानाही दोन्ही वर्षं त्याने खंडेनवमी चुकवली नव्हती. धुतलेला शर्ट घालून यायचं, हळद-कुंकू, अक्षता वाहायच्या, नारळ फोडून त्याचं सगळं पाणी चकजवळ, कव्हरच्या फटीवरच ओतायचं. संध्या फडकं घेऊन पुढे झाली होती, तेव्हा त्यानेच तिला झिडकारलं होतं. देवाचं पाणी पुसायचं नसतं! मग शटर ओढून वर्षभर फिरकायचं नाही. मशीन चालतं होतं तेव्हा नारळाचं पाणी दुसऱ्याच दिवशी कूलंटबरोबर वाहून जायचं, म्हणून इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं.

"ही पट्टी हातानं खरडून सपाट करावी लागल," मामा म्हणाले. "आठ दिस तरी."

दीपकने फोन लावला. उंदीर, पत्रा, महेश, सगळे जिभेच्या टोकावर हजर होते. पण संध्या समोरच उभी होती.

"मॅडम, आज बुश होणार नाही. मशीन माझ्याच हाताने खराब झालं. आठ दिवस द्याल का?"

"नाही हो थांबता येणार, दीपकभाऊ. काम दुसरीकडे देते. तुमचं मशीन नीट झालं की कळवा."

फोन बंद झाला. दीपकला रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. मामा पिशवीतून खरडायची हत्यारं काढू लागले.

संध्याने कोरडं फडकं घेतलं, पट्टीजवळ गेली आणि तिथेच थांबली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"आता पुसू का?"