रिकाम्या खुर्च्या आणि 'जागा नाही'ची पाटी

विमानतळावरच्या लाउंजमध्ये निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या आणि दारावर 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी होती.

ताईच्या पुढच्या गृहस्थांना काउंटरवरच्या मुलीने नुकतेच गोड बोलून परत पाठवले होते. व्हीलचेअरमध्ये बाबा बसले होते. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा हा त्यांचा पहिला प्रवास. पुढच्या विमानाला बराच अवकाश होता. डॉक्टरांनी बजावले होते, मध्ये आडवे होता आले तरच पुढे जा, नाहीतर तिथूनच परत फिरा. पलीकडच्या शहरात धाकटी लेक त्यांची कित्येक वर्षे वाट पाहत होती.

फोनवर भाऊ होता. "ताई, तुला म्हटलं होतं, जगभरच्या लाउंजांत चालतं ते मोठं कार्ड घे. तू घेतलंस ते चिमूटभर लाउंजचं. वर आदल्या दिवशी वर्दी द्यायची!"

"तुझं बरं आहे रे. विमान कंपनी तुला जावयासारखं वागवते. आम्हाला कोण विचारतं?"

ताई इस्पितळांतली यंत्रे तपासत गावोगाव फिरे. माहितीपत्रकावर विसंबणे तिच्या कामात बसत नव्हते. मोठे कार्ड तिने वापरून पाहिले होते. सकाळी चाले, दुपारी दारातूनच परत. तेव्हापासून यादीत दारे किती, याला तिच्या लेखी किंमत नव्हती; ऐन वेळी कोणते उघडते, एवढेच ती पाही. छोट्या कार्डाच्या सभासदत्वाने तिला अजून परतवले नव्हते. का, ते मात्र कळले नव्हते, आणि कारण न कळलेल्या यशावर तिचा भरवसा नसे.

"उगाच बाबांचे हाल करू नकोस," भाऊ म्हणाला.

वर्दी तिने कालच दिली होती. तिने छोटे कार्ड पुढे केले. मुलीने संगणकाच्या पडद्यावर नजर टाकली.

"या ना, मावशी. खिडकीजवळची आडवी होणारी खुर्ची आजोबांची."

बाबांनी पाय लांब केले, डोळे मिटले.

"पाठ काय म्हणतेय?"

"गप्प आहे. तूही हो. आणि त्या शहाण्याला कळव, म्हातारा पुढच्या विमानात बसतोय."

ताईने कळवले. भाऊ खाकरून म्हणाला, "ते कार्ड... आमच्या सासूबाईंना मिळेल का गं?"

ताई मनसोक्त हसली. मग काउंटरवर गेली.

"एक सांग बाई. जागाच नाही, की काही जणांनाच नाही?"

मुलीने आवाज हळू केला. "काही जणांनाच, मावशी."

लाउंजने खुर्च्यांचे वाटे पाडले होते. मोठा वाटा विमान कंपनीच्या खास प्रवाशांचा. ते आले नाहीत तरी तो रिकामाच ठेवला जाई. मोठ्या कार्डाचा वाटा लहान, आणि तो दुपारपूर्वीच भरे. छोट्या सभासदत्वात वर्दी देताच एक खुर्ची या वाट्यांतून बाजूला काढून सभासदाच्या नावावर लावली जाई.