दुसऱ्या प्रतीची पहिली ओळ

उज्जैनच्या कोर्टात मी छत्तीस वर्षं नकलनवीस होतो. माझ्या नकलेत कानामात्रेची चूक कुणी दाखवावी, मिशी उतरवून देईन. म्हणून मुलीच्या तक्रारीच्या प्रती मीच करायला घेतल्या.

अपूर्वानं चार वर्षं खपून 'तिथी' नावाचं मराठी पंचांगाचं ॲप केलं. पण ज्या कंपनीच्या ॲप-स्टोअरवरून लोक ते घेतात, तिनं स्वतःचंच पंचांग काढलं. आता 'तिथी' नाव टाकून शोधलं तरी आधी त्यांचं येतं, आमचं पार तळाशी. अपूर्वानं दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. भीती एकच होती, नाव कळलं तर कंपनी ॲपच काढून टाकेल. आयोगानं नाव गोपनीय ठेवायचं मान्य केलं. कंपनीला जायच्या दुसऱ्या प्रतीत ओळख पटेल ते सगळं आम्हीच काळं करायचं होतं.

मी केलं. नाव, गाव, फ्रीगंजच्या ऑफिसचा पत्ता, ॲपचं नाव. प्रत्येक पान तीनदा तपासलं.

"एकदम पक्कं काम, बाबा," अपूर्वा म्हणाली. मी फुगलो.

काल आयोगाकडून कंपनीच्या उत्तराची प्रत आली. वाचता वाचता अपूर्वा थांबली.

"बाबा, यात 'तिथी'चं नाव आहे." तिनं घाईनं मोबाईलवर शोधलं. "हटवून दिलं! म्हणतात, नियम तोडले."

"अगं, कसं शक्य आहे? मी सगळं काळं केलं होतं!"

तिनं उत्तराला जोडलेलं पान पुढे सरकवलं. आमचीच प्रत. खाली काळ्या पट्ट्या, आणि माथ्यावर माझ्या हातची ओळ: 'श्री चिंतामण प्रसन्न. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी.' शेजारी त्यांनी 'तिथी' उघडल्यावर दिसणारं पहिलं पान छापलं होतं. तीच ओळ, फक्त तिथी वेगळी. ती ओळ ॲपला मीच सुचवली होती.

पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते तेव्हापासून आमच्या घरात या ओळीशिवाय कुणी कागद सुरू करत नाही. तीनदा तपासूनही ती मला दिसलीच नव्हती. पोरीची चार वर्षं मी माझ्या हातानं बुडवली.

"आयोगाला कळवू," मी कसाबसा म्हणालो. "तक्रार केली म्हणून काढलं, असं लिहून देऊ."

कोरा कागद ओढला. हात सवयीनं माथ्याशी गेला आणि थबकला.

"लिहा ना, बाबा," अपूर्वा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आता छुपवायचं काय राहिलंय?"

मी ओळ लिहिली. मग तिच्याखाली मुलीचं पूर्ण नाव, गाव आणि पत्ता.